बिल स्नायडर आणि कॅन्सस स्टेट : एका नेमणुकीचा प्रकरण अभ्यास

१९८८ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकी फुटबॉलच्या हेड कोचची जागा रिकामी झाली. शहाण्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये, अशी ती जागा होती. संघाला सलग २७ सामन्यांत विजय मिळालेला नव्हता. त्यातला एक बरोबरीत सुटला होता, बाकी सगळे पराभव. १९५५ पासूनच्या ३४ हंगामांत पराभवांपेक्षा विजय जास्त असलेले हंगाम दोनच, १९७० आणि १९८२. कॉन्फरन्सचं, म्हणजे दरवर्षी आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचं, शेवटचं विजेतेपद १९३४ चं. देशाच्या अव्वल श्रेणीतल्या कॉलेज संघांपैकी ५०० पराभवांचा आकडा सगळ्यात आधी गाठला तो याच संघाने. आधीचे कोच स्टॅन पॅरिश तीन हंगामांत दोन सामने जिंकून गेले होते.

ही जागा बिल स्नायडर यांनी घेतली. वय ४९. कॉलेज फुटबॉल संघाचं हेड कोचपद तोवर त्यांच्याकडे कधीच आलेलं नव्हतं. पुढे दोन टप्प्यांत मिळून ते तिथे २७ हंगाम राहिले आणि २१५ सामने जिंकले, ११७ हरले, एक बरोबरीत सुटला. अमेरिकी फुटबॉलमध्ये याहून जास्त विजय आणि राष्ट्रीय विजेतेपदं मिळवणारे कोच बरेच आहेत. स्नायडर यांना तर राष्ट्रीय विजेतेपद एकदाही मिळालं नाही. तरीही अभ्यासासाठी मला त्यांचीच कारकीर्द सगळ्यात मोलाची वाटते, कारण इथे सुरुवात शून्याच्याही खालून झाली आणि प्रत्येक निर्णयाचा परिणाम वेगळा काढून पाहता येतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. कॉलेज फुटबॉल म्हटल्यावर आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा डोळ्यांसमोर आणू नयेत. हा शनिवारी पन्नास हजार, कुठे कुठे लाख प्रेक्षक खेचणारा धंदा आहे. खेळाडू विद्यार्थी असतात आणि त्या काळी त्यांना शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नसे. व्यावसायिक एनएफएलमध्ये सर्वांत वाईट संघाला नव्या खेळाडूंमधून पहिली निवड करता येते, त्यामुळे तळाचा संघ वर येण्याची सोय नियमांतच आहे. कॉलेजमध्ये तशी सोय नाही. सतरा-अठरा वर्षांची मुलं आपण होऊन कॉलेज निवडतात आणि चांगली मुलं जिंकणाऱ्या संघाकडेच जातात. म्हणजे हरणारा संघ हरतो म्हणून त्याला चांगली मुलं मिळत नाहीत, आणि मुलं मिळत नाहीत म्हणून तो पुन्हा हरतो. कॅन्सस स्टेट या चक्रात अर्धशतक अडकलेलं होतं. त्यात कॉन्फरन्स बिग एट, म्हणजे दरवर्षी नेब्रास्का आणि ओक्लाहोमा या दोन बलाढ्य संघांशी गाठ. विद्यापीठाचं गाव मॅनहॅटन. न्यूयॉर्कचं नव्हे, गव्हाच्या शेतांमधलं, तेव्हा चाळीस हजारांच्या आसपास वस्तीचं मॅनहॅटन. त्याच राज्यातल्या विचिटा स्टेटने १९८६ च्या हंगामानंतर फुटबॉल संघ कायमचा बंद करून टाकला होता, त्यामुळे इथेही तेच होईल ही भीती हवेतली नव्हती.

विद्यापीठाचे अध्यक्ष जॉन वेफल्ड आणि क्रीडा संचालक स्टीव्ह मिलर यांनी स्नायडर यांना गळ घातली. कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मोठा कायापालट करण्याची संधी इथेच आहे, अशा अर्थाचं वाक्य स्नायडर तेव्हा बोलले आणि ते कॅन्ससमध्ये आजही लोकांना पाठ आहे. त्या वेळी मात्र ऐकणाऱ्यांना ते नव्या नवरदेवाच्या उत्साहातलं बोलणं वाटलं असणार.

स्नायडर यांनी कायापालट आधी एकदा जवळून पाहिला होता, हे मला या प्रकरणात फार महत्त्वाचं वाटतं. नॉर्थ टेक्सासमध्ये आणि मग १९७९ पासून आयोवात ते हेड कोच हेडन फ्राय यांच्या हाताखाली होते. आयोवाच्या आक्रमणाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. फ्राय आले तेव्हा आयोवानेही सतरा वर्षांत विजयी हंगाम पाहिलेला नव्हता. तिसऱ्याच वर्षी संघ रोझ बोलमध्ये पोचला. ‘बोल’ म्हणजे हंगामाअखेर निवडक संघांना मिळणारा मानाचा सामना. फ्राय यांनी आल्याआल्या संघाचा गणवेश आणि बोधचिन्ह बदललं होतं. स्नायडर यांनी १९८९ मध्ये नेमकं तेच केलं. जुनं रानमांजर गेलं आणि विद्यापीठातल्याच एका कलाशिक्षकाने काढलेलं जांभळं ‘पॉवरकॅट’ आलं. वरवरची गोष्ट वाटेल, पण ज्या पोरांना गावात संघाचा टी-शर्ट घालायची लाज वाटत होती त्यांच्यासाठी ती वरवरची नव्हती.

पहिल्या हंगामात ते अकरापैकी दहा सामने हरले. पहिल्या तीन सामन्यांनंतर विजयाविना सामन्यांची संख्या ३० झाली. ३० सप्टेंबर १९८९ ला घरच्या मैदानावर नॉर्थ टेक्सासविरुद्ध शेवटच्या क्षणाला क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हातात असलेला खेळाडू, कार्ल स्ट्रॉने फ्रँक हर्नांडेझकडे टचडाउनचा (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्टीत नेऊन गुण मिळवण्याचा) पास टाकला आणि संघ २०–१७ असा जिंकला. जवळजवळ तीन वर्षांतला तो पहिला विजय. त्या वर्षात एवढंच. पुढचे हंगाम ५–६ (पाच विजय, सहा पराभव), ७–४, पुन्हा ५–६ असे गेले. १९९३ मध्ये ९–२–१ (शेवटचा आकडा बरोबरीचा) आणि कॉपर बोलमध्ये वायोमिंगवर ५२–१७ असा विजय, विद्यापीठाच्या इतिहासातला पहिला बोल विजय. म्हणजे रुळावर यायला पाच वर्षं लागली. आज कोचला दोन वर्षांत निकाल मागतात आणि तिसऱ्या वर्षी नारळ देतात. वेफल्ड यांनी दिलेला हा वेळ मी स्नायडर यांच्या कुठल्याही डावपेचापेक्षा वर ठेवेन.

त्या पाच वर्षांत काय केलं? पहिली गोष्ट वेळापत्रकाची. कॉन्फरन्समधले सामने ठरलेले असतात, बाहेरचे तीन-चार सामने विद्यापीठ स्वतः ठरवतं. दुबळी विद्यापीठं बाहेरच्या सामन्यांसाठी बड्या संघांच्या मैदानावर जाऊन मार खातात, कारण त्याचे पैसे चांगले मिळतात. स्नायडर यांनी हा व्यवहार उलटा फिरवला. लिंबूटिंबू संघांना स्वतःच्या मैदानावर बोलवायचं आणि कॉन्फरन्स सुरू होण्याआधी तीन विजय खिशात घालायचे. देशभरच्या क्रीडापत्रकारांनी यावरून त्यांची भरपूर टिंगल केली. माझं मत वेगळं आहे. ज्या मुलांनी कॉलेजात आल्यापासून विजय पाहिलेला नाही, त्यांना जिंकल्यावर ड्रेसिंग रूममध्ये कसं वागायचं हेसुद्धा ठाऊक नसतं, आणि ते सरावात शिकवता येत नाही. या धोरणाची किंमतही द्यावी लागली, ती पुढे येईलच.

दुसरी गोष्ट खेळाडूंची भरती. अमेरिकेत दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं असतात. शाळेत गुण कमी पडलेली, उशिरा वाढ झालेली किंवा कुणाच्या नजरेला न आलेली मुलं तिथे खेळतात आणि मग उरलेल्या दोन वर्षांसाठी मोठ्या विद्यापीठात येऊ शकतात. कॅन्ससमध्ये अशा कॉलेजांचं दाट जाळं आहे. कॉफीव्हिल, हचिन्सन, गार्डन सिटी, बटलर ही त्यातली गाजलेली नावं. बडी विद्यापीठं या मुलांकडे नाक मुरडून पाहत. स्नायडर यांना ती परवडणारी होती आणि शरीराने तयार होती. त्यांच्या जोडीला शिष्यवृत्तीशिवाय येणारी स्थानिक शेतकरी घरांतली मुलं. पुढे एनएफएलमध्ये ग्रीन बेकडून सुपर बोल जिंकणारा जॉर्डी नेल्सन असाच शिष्यवृत्तीशिवाय आलेला. ज्युनिअर कॉलेजच्या मुलात धोका एकच, तो दोन वर्षांत निघून जातो. भरती दरवर्षी अचूक असावी लागते. एक तुकडी फसली की खड्डा लगेच दिसतो.

तिसरी गोष्ट मैदानावरची, साध्या गणिताची. दोन्ही बाजूंना अकरा माणसं. क्वार्टरबॅकने चेंडू धावणाऱ्याच्या हाती दिला की तो स्वतः मोकळा उभा राहतो, म्हणजे आक्रमणाचा एक माणूस वाया. क्वार्टरबॅकच चेंडू घेऊन धावला तर जो धावणार होता तोही पुढे होऊन बचाव करणाऱ्याला अडवू शकतो. दर्जाने कमी असलेल्या संघाला एक माणूस फुकट मिळतो. स्नायडर यांच्या सगळ्या चांगल्या संघांत धावणारा, मार खाऊन उठणारा क्वार्टरबॅक आहे : मायकल बिशप, एल रॉबरसन, कॉलिन क्लाइन. अचूक पास टाकण्यात त्यांच्याहून सरस क्वार्टरबॅक देशात डझनावारी होते. पण तशी पोरं मॅनहॅटनला आलीच नसती, हेही तितकंच खरं.

आणि मग शिस्त. स्नायडर यांनी संघासाठी सोळा ध्येयं लिहून काढली होती. बांधिलकी, एकी, स्वतःला मर्यादा न घालणं, पराभव न स्वीकारणं, अशी. वाचायला ती शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारांसारखीच आहेत आणि मला त्यांत काही जादू दिसत नाही. परिणाम झाला तो त्यांच्या कामाच्या तऱ्हेचा. दिवसभर न जेवता काम आणि रात्री उशिरा एकदाच जेवण, ही त्यांची सवय प्रसिद्ध आहे. सहायकांनीही तसंच राबावं अशी अपेक्षा असे. त्या राबण्यातून कोण कोण तयार झालं पाहा : बॉब स्टूप्स, माइक स्टूप्स, जिम लेव्हिट, मार्क मँजिनो, ब्रेंट व्हेनेबल्स. हे सगळे पुढे स्वतः हेड कोच झाले. दुसऱ्या बाजूने याच माणसाचा एक हळुवार पैलूही होता. प्रतिस्पर्धी संघांतल्या खेळाडूंना, विशेषतः जखमी झालेल्यांना, ते जांभळ्या शाईत स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या लिहून पाठवत.

आता १९९८. टेक्सासच्या ब्लिन या ज्युनिअर कॉलेजला दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देऊन आलेला मायकल बिशप क्वार्टरबॅक होता. सुरुवातीला इंडियाना स्टेटवर ६६–०, नॉर्दर्न इलिनॉयवर ७३–७ असे विजय झाले. नोव्हेंबरमध्ये कोचेसच्या क्रमवारीत संघ देशात पहिला आला. १४ नोव्हेंबरला नेब्रास्काला ४०–३० हरवलं. १९६८ नंतर, सलग २९ पराभवांनंतर, पहिल्यांदा. साखळीतले अकराच्या अकरा सामने जिंकून ५ डिसेंबरला संघ सेंट लुइसला बिग ट्वेल्व्हच्या, म्हणजे बिग एटची जागा घेतलेल्या कॉन्फरन्सच्या, अंतिम सामन्यात टेक्सास ए अँड एमसमोर उतरला. त्याच दुपारी अपराजित यूसीएलए मायामीकडून हरल्याची बातमी आली. म्हणजे हा सामना जिंकला की राष्ट्रीय विजेतेपदाची लढत. दहा वर्षांपूर्वी ज्यांना एकही सामना जिंकता येत नव्हता, ते त्या लढतीपासून एका सामन्यावर होते, आणि चौथ्या सत्राच्या सुरुवातीला २७–१२ असे पुढेही होते.

ते सत्र हातातून गेलं. ए अँड एमने बरोबरी साधली आणि दुसऱ्या जादा डावात सर पार्करच्या ३२ यार्डांच्या टचडाउनने सामना ३६–३३ असा संपला.

पुढचं जास्त झोंबणारं होतं. क्रमवारीत तिसरा असलेला हा संघ मोठ्या चार बोल सामन्यांपैकी एकातही घेतला गेला नाही. बोलच्या आयोजकांना हॉटेलं भरणारे प्रेक्षक आणि दूरचित्रवाणीला ओळखीची नावं हवी असतात. कॅन्सस स्टेटचं नाव अजून तेवढं मोठं नव्हतं, आणि ६६–० सारख्या विजयांमुळे त्यांची बाजू घेणाऱ्यांच्या हातात फारसं बळ राहत नव्हतं. टिंगल झालेलं वेळापत्रक नेमकं इथे अंगाशी आलं, असं मी म्हणेन. संघ अलामो बोलमध्ये ढकलला गेला आणि ड्रू ब्रीजच्या पर्ड्यूकडून ३७–३४ हरला. अशा संघावर पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून निवडीचा नियम नंतर बदलला, त्याला लोक ‘कॅन्सस स्टेट नियम’च म्हणत. नियमाला नाव मिळालं, जागा मिळाली नाही.

१९९७ ते २००३ या सात हंगामांपैकी सहांत संघाने अकरा-अकरा सामने जिंकले. पण याच काळात घरचेच लोक समोर येऊन उभे राहिले. स्नायडर यांच्याकडे बचाव सांभाळलेले बॉब स्टूप्स १९९९ च्या हंगामापासून ओक्लाहोमाचे हेड कोच झाले, मॅनहॅटनमधले जुने सहकारीही तिकडे बोलावून घेतले आणि २००० साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्या एकाच हंगामात त्यांनी कॅन्सस स्टेटला दोनदा हरवलं, दुसऱ्यांदा बिग ट्वेल्व्हच्या अंतिम सामन्यात २७–२४ असं. त्याची परतफेड ६ डिसेंबर २००३ ला कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियमवर झाली. ओक्लाहोमा अपराजित आणि देशात पहिल्या क्रमांकावर. पहिला टचडाउनही त्यांचाच. त्यानंतर पाच फूट सहा इंचांच्या डॅरन स्प्रोल्सने धावत २३५ यार्ड काढले, रॉबरसनने टचडाउनचे चार पास टाकले आणि निकाल लागला ३५–७. १९३४ नंतरचं पहिलं कॉन्फरन्स विजेतेपद.

आणि लगेच उतार. २००४ मध्ये ४–७, २००५ मध्ये ५–६. चांगले सहायक एकामागून एक गेले होते. ज्युनिअर कॉलेजच्या मुलांकडे आता इतरही पाहू लागले होते. स्नायडर यांनी निवृत्ती घेतली, स्टेडियमला ‘बिल स्नायडर फॅमिली स्टेडियम’ असं नाव दिलं गेलं. फक्त माझं नव्हे, कुटुंबाचं नाव द्या, हा त्यांचाच आग्रह.

उत्तराधिकारी म्हणून व्हर्जिनियाहून रॉन प्रिन्स आले. तीन हंगामांत १७ विजय, २० पराभव. त्यांनी टेक्सासला दोनदा हरवलं हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण ज्युनिअर कॉलेजची मुलं घाऊक घेऊनही पूर्वीचा परिणाम आला नाही. प्रत्येक मुलाला नेमक्या कुठल्या जागेसाठी घ्यायचं, ही पारख त्या पद्धतीसोबत कागदावर उतरून आली नव्हती. शिवाय २००९ मध्ये उघड झालं की एका वरिष्ठ अधिकाऱ्याने प्रिन्स यांच्याशी ३२ लाख डॉलरचा करार परस्पर केला होता. प्रकरण कोर्टात गेलं, पुढे तडजोड झाली. एक माणूस गेल्यावर घराची वीण किती सैल होती ते सगळं एकदम दिसलं.

मग नोव्हेंबर २००८ मध्ये ६९ वर्षांचे स्नायडर परत आले. अशा पुनरागमनांचा शेवट बहुधा कीव येण्यासारखा होतो. २००९ च्या हंगामात एक गंमत झाली : सहा विजय असूनही बोल सामना मिळाला नाही, कारण त्यातले दोन विजय खालच्या श्रेणीतल्या संघांवर होते आणि नियमाप्रमाणे त्यातला एकच धरला जातो. जुनं औषध आता दरवेळी लागू पडेना. पण २०११ मध्ये, कॉन्फरन्समध्ये आठवा येईल असं भाकीत झालेला संघ दहा सामने जिंकून दुसरा आला. क्वार्टरबॅक कॉलिन क्लाइनने त्या हंगामात स्वतः धावत २७ टचडाउन केले. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये कॅन्सस स्टेट इतिहासात पहिल्यांदाच बीसीएस क्रमवारीत, म्हणजे विजेतेपदाच्या लढतीतले संघ ठरवणाऱ्या यादीत, पहिलं आलं. त्याच आठवड्यात वेकोला बेलरने ५२–२४ असा धुव्वा उडवला. विजेतेपदाच्या लढतीचं दार दुसऱ्यांदा तोंडावर बंद. तरीही टेक्सासला ४२–२४ हरवून कॉन्फरन्सचं विजेतेपद ओक्लाहोमासोबत वाटून घेतलं. हे यश मला १९९८ पेक्षाही मोठं वाटतं, कारण १९९८ मध्ये हातात बिशप होता, आणि क्लाइनला घ्यायला फार कुणी रांगेत नव्हतं.

शेवटची वर्षं खडबडीत गेली. २०१७ च्या फेब्रुवारीत त्यांना घशाचा कर्करोग झाल्याचं जाहीर झालं, आणि उपचार घेत त्यांनी काम चालू ठेवलं. त्याच उन्हाळ्यात एका खेळाडूला दुसरीकडे जायचं होतं. त्याने पस्तीस विद्यापीठांची यादी दिली, स्नायडर यांनी एकालाही मोकळीक दिली नाही. गवगवा झाल्यावर त्यांनी त्या मुलाच्या अमली पदार्थ चाचण्यांचे निकाल पत्रकारांसमोर सांगून टाकले, मग माफी मागितली आणि त्याला सोडलं. चाहते हा प्रसंग वयाच्या खात्यावर टाकतात. मला तसं वाटत नाही. सगळं एका माणसाच्या मुठीत असण्यानेच संघ उभा राहिला होता आणि ती मूठ याही वेळी तशीच होती. फरक एवढाच की १९८९ मध्ये खेळाडूला आवाज नव्हता, २०१७ मध्ये त्याच्या हातात फोन होता.

२०१८ मध्ये शेवटचा सामना आयोवा स्टेटविरुद्ध झाला. चौथ्या सत्रात ३८–२१ अशी आघाडी असताना संघ ४२–३८ हरला आणि हंगाम ५–७ वर थांबला. २ डिसेंबरला ७९ वर्षांच्या स्नायडर यांनी निवृत्ती जाहीर केली. आपल्यानंतर मुलगा शॉन हेड कोच व्हावा अशी त्यांची इच्छा लपलेली नव्हती. शॉन त्यांच्याकडेच खेळला, पुढे वर्षानुवर्षं किकिंगची पथकं त्याने उत्तम सांभाळली.

क्रीडा संचालक जीन टेलर यांनी ते ऐकलं नाही. त्यांनी नॉर्थ डकोटा स्टेटच्या क्रिस क्लीमन यांना आणलं. खालच्या श्रेणीत चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेला माणूस, पण मोठ्या श्रेणीत हेड कोच म्हणून कोरी पाटी, स्नायडर १९८८ मध्ये होते तशीच. टेलर स्वतः पूर्वी नॉर्थ डकोटा स्टेटचे क्रीडा संचालक होते, त्यामुळे ओळखीच्या माणसाला आणल्याची कुजबुज मॅनहॅटनमध्ये बरीच झाली. ज्यांना आठवण होती त्यांना हेही आठवलं की २०१३ मध्ये याच नॉर्थ डकोटा स्टेटने स्नायडर यांना त्यांच्याच स्टेडियममध्ये २४–२१ हरवलं होतं आणि त्या दिवशी पाहुण्यांचा बचाव क्लीमन यांच्याकडे होता. ३ डिसेंबर २०२२ ला क्लीमन यांच्या संघाने टीसीयूला जादा डावात ३१–२८ हरवून बिग ट्वेल्व्ह जिंकली. स्नायडर यांच्याशिवाय कॅन्सस स्टेटने कॉन्फरन्स जिंकली होती ती याआधी १९३४ मध्ये.